‘स’ नीट ऐकू यायला हवा : नाशिकच्या एका स्पीच थेरपी केंद्रातल्या ८६ जीबी व्हिडिओंचं प्रकरण

पार्श्वभूमी

गंगापूर रोडच्या एका आतल्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर, दोन खोल्यांचं स्पीच थेरपी केंद्र आहे. चालवणाऱ्या ताई एकट्याच. दुपारी एक मुलगी येते, ती अपॉइंटमेंटची वही आणि फोन सांभाळते. येणारी मुलं साधारण चार ते नऊ वर्षांची. कुणाला ‘र’ जमत नाही, कुणी ‘चाक’ आणि ‘चार’ यांतला ‘च’ सारखाच काढतं, कुणी ‘शाळा’ला ‘साळा’ म्हणतं. (निफाड-सिन्नरकडच्या आजीबरोबर वाढलेलं मूल ‘साळा’ म्हणालं तर ती बोली असते, दोष नसतो. हा फरक ताईंना कानाने कळतो. पुढे सगळं या कानावरच येऊन ठेपलं.)

माझा पंचवटीत लग्नाच्या शूटिंगचा आणि एडिटिंगचा धंदा. ताईंच्या भावाचं लग्न मी केलं होतं, तेवढीच ओळख. मे महिन्याच्या ऐन लग्नसराईत त्यांचा फोन आला, “दादा, व्हिडिओ बारीक करून मिळतील का? क्वालिटी मात्र जायला नको.” असे फोन मला आठवड्याला दोन तरी येतात. मी म्हटलं, पाठवा. त्या म्हणाल्या, “पाठवता येत नाहीत, म्हणून तर फोन केला.”

झालं होतं असं. चार मुलांची प्रगती अडली होती. पुण्यातल्या एका ज्येष्ठ थेरपिस्ट मॅडमनी सत्रांचे व्हिडिओ पाहून मत द्यायचं कबूल केलं होतं. ताईंनी प्रत्येक मुलाची दोन सत्रं फोनवर रेकॉर्ड केली. त्यांतल्या दोन मुलांचं एकेक सत्र त्यांच्या घरी जाऊन केलं, कारण मूल घरात वेगळं बोलतं. एकूण आठ रेकॉर्डिंग, प्रत्येकी अर्ध्या तासाच्या आसपास. भाच्याने ‘भारी क्वालिटी’ म्हणून फोनचं सेटिंग फोर-केवर ठेवलेलं होतं. आठ फाइल मिळून ८६ जीबी झाल्या आणि १२८ जीबीचा फोन गच्च भरला.

आकडा एवढा कसा फुगतो, ते इथेच सांगून टाकतो. व्हिडिओची साइज म्हणजे बिटरेट (सेकंदाला किती डेटा लिहिला जातो) गुणिले वेळ, बस. रिझोल्यूशनचा, म्हणजे चित्र किती पिक्सेलचं त्याचा, त्यात थेट संबंध नाही. या फोनचा बिटरेट सेकंदाला साधारण ४८ मेगाबिट होता, म्हणजे ६ मेगाबाइट. मिनिटाला ३६० एमबी, अर्ध्या तासाला १०.८ जीबी. त्यामुळे साइज कमी करायला हात घालायच्या जागा दोनच : बिटरेट खाली आणा, नाहीतर मिनिटं कमी करा. लोक पहिलीकडे धावतात. मीही धावलो.

अडचण

माझ्याकडे येण्याआधी ताईंनी दोन प्रयत्न करून पाहिले होते.

पहिला व्हॉट्सअ‍ॅपचा. एक छोटा तुकडा नेहमीसारखा व्हिडिओ म्हणून पाठवला. पुण्याहून उत्तर आलं, “चित्र ठीक आहे, पण ‘स’ आणि ‘श’ मला वेगळे ऐकू येत नाहीत. मूल चुकतंय की फाइल, हे कळत नाहीये.” हे वाक्य मी पुढे महिनाभर विसरलो नाही. ‘स’चा आवाज हा मुळात वाफेसारखा फुसफुसाट. त्याचा बराचसा जोर ४ किलोहर्ट्‌झच्या वर असतो, आणि लहान मुलांच्या गळ्यात तो आणखी वर सरकतो. साइज वाचवण्यासाठी आवाज दाबला की आधी तेच टोक उडतं. गप्पा मारायला काही फरक पडत नाही. जुन्या पद्धतीच्या फोन कॉलवर तर ३.४ किलोहर्ट्‌झच्या वरचं काही नसायचंच, तरी आपण बोलतच होतो. पण इथे तपासायचा होता तो आवाजच गायब होत होता.

दुसरा प्रयत्न जास्त महागात पडला. ताईंनी नेटवर शोधून एका फुकटच्या संकेतस्थळावर दोन मिनिटांचा तुकडा चढवला. ७२० एमबीची फाइल ४० एमबीची होऊन आली आणि त्या खूश झाल्या. डाउनलोडची लिंक त्यांनी मदतनीस मुलीला पाठवली, आणि तिच्या फोनवर ती लिंक पासवर्ड नाही, लॉगइन नाही, सरळ उघडली. त्या दोन मिनिटांत एक सात वर्षांचा मुलगा शाळेच्या गणवेशात बसलाय, ‘नाव सांग’ म्हटल्यावर स्वतःचं पूर्ण नाव सांगतोय, आणि मागे भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर त्या आठवड्याच्या सगळ्या मुलांची नावं वेळेसकट लिहिलेली आहेत. ताईंनी मला फोन केला तो त्या संध्याकाळी.

संकेतस्थळावर ‘फाइल काही तासांत पुसल्या जातात’ असं लिहिलेलं होतं. पुसल्या जातही असतील. आपल्याला ते तपासता येत नाही, आणि ज्याच्या मुलाचा व्हिडिओ आहे त्याला ‘जात असतील’ असं सांगता येत नाही.

पालकांना सांगायचं की नाही

पहिला निर्णय तांत्रिक नव्हताच. ताईंनी विचारलं, “त्या मुलाच्या घरी सांगू का?” मी म्हटलं, “कशाला उगाच? लिंक आता बंद झालीये. घाबरतील.” आज वाटतं, तो सल्ला माझ्या धंद्याच्या सवयीतून आला होता. लग्नाच्या व्हिडिओत एखादा क्लिप इकडचा तिकडे झाला तर आम्ही गुपचूप निस्तरतो.

ताईंनी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी सत्राला आलेल्या वडिलांना त्यांनी बसवून सांगितलं. ते अंबडच्या एका कारखान्यात कामाला आहेत. शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “ताई, व्हिडिओ कुठं कुठं गेला ते मला लिहून द्या.” ताईंनी लिहून दिलं, आणि लिहिताना लक्षात आलं की पूर्ण यादी त्यांनाही माहीत नाही. फोनवरून व्हॉट्सअ‍ॅप, व्हॉट्सअ‍ॅपवरून पुण्याच्या मॅडमच्या फोनची गॅलरी, संकेतस्थळ, मदतनीस मुलीचा फोन. आणखी कुठे? ती यादी पुढे आमचं मुख्य कागदपत्र झालं. व्हिडिओ लहान करण्याआधी तो आत्ता कुठे कुठे आहे ते लिहून काढावं, हे मला त्या बापाने शिकवलं.

संमतीचाही प्रश्न निघाला. प्रवेशाच्या फॉर्मवर ‘रेकॉर्डिंग प्रशिक्षणासाठी वापरले जाऊ शकते’ अशी इंग्रजीत एक ओळ होती. बाहेरच्या तज्ज्ञाला दाखवणं त्यात बसतं का? २०२३ च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्यात अठरा वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती बालक धरली आहे, आणि संमती नेमक्या कारणासाठी, कळेल अशा भाषेत घ्यायची अशी त्याची दिशा आहे. ताईंनी वकिलाची वाट पाहिली नाही. एक पानभर मराठी मजकूर केला : कोण पाहणार, काय पाहणार, किती दिवस राहणार, कधीही ‘नको’ म्हणता येईल. चारही घरांनी सह्या दिल्या. एका आईने मात्र घरी केलेलं सत्र पाठवू नका म्हणून सांगितलं. स्वयंपाकघर दिसत होतं, आणि तो तिचा अधिकार. आठाची सात रेकॉर्डिंग झाली.

समोर असलेले पर्याय

पेन ड्राइव्हवर सगळं भरून पुण्याच्या बसने कुणाबरोबर तरी पाठवणं हा पहिला विचार होता. साइजचा प्रश्नच मिटला असता. पण बहुतेक जुने पेन ड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेले असतात, त्यांत ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. एक्सफॅट या दुसऱ्या पद्धतीने फॉरमॅट करून तेही जमलं असतं. नकार वेगळ्या कारणाने दिला : पेन ड्राइव्ह नाशिक फाट्याला रिक्षात राहिला तर चार मुलांची पूर्ण सत्रं कुणाच्या तरी हातात.

झिप करू या, असं ताईंचं म्हणणं. झिपने व्हिडिओ लहान होत नाही. तो आधीच दाबलेला असतो, पिळलेल्या कपड्यातून आणखी पाणी निघत नाही.

मी सुचवलं होतं की सगळं ७२० पिक्सेल उंचीवर आणू, लग्नाचे क्लिप पाहुण्यांना पाठवताना करतो तसं. चार मिनिटांचा नमुना करून दाखवला. ताईंनी पाहिला आणि म्हणाल्या, “दादा, जीभ दिसत नाहीये.” फोन टेबलापासून लांब ठेवलेला, मूल चित्राच्या मधल्या भागात, आणि तोंड म्हणजे त्यातला जेमतेम हाताच्या पंजाएवढा तुकडा. सगळं चित्र तीनपट लहान केलं की तोंडही तीनपट लहान होतं. खोलीचा पंखा मात्र सुरेख दिसत होता.

एच-२६४ आणि एच-२६५ या व्हिडिओ दाबण्याच्या पद्धती. एच-२६५ वापरायचा तर तेवढ्याच दर्जाला फाइल एच-२६४ पेक्षा बरीच लहान होते, अनुकूल चित्र असेल तर निम्म्यापर्यंत. एच-२६४ हे मानक २००३ चं, एच-२६५ हे २०१३ चं. दहा वर्षांची अक्कल त्यात जास्त आहे. पण पुण्याच्या मॅडमचा लॅपटॉप जुना, आणि विंडोजवर एच-२६५ चालवायला अनेकदा वेगळं एक्स्टेन्शन विकत घ्यावं लागतं. समोरच्याला उघडताच आली नाही तर फाइल कितीही लहान असो. एच-२६४ वरच थांबलो.

चेहरे धूसर करणं या कामात निरर्थक होतं. ओठ झाकले तर पाठवायचं काय?

तिसऱ्या दिवशी आम्ही शेवटी मॅडमना फोन करून विचारलं की तुम्हाला नेमकं काय पाहायचंय. हे पहिल्या तासात विचारायला हवं होतं. त्यांचं उत्तर साधं होतं : “मला मुलाचं तोंड आणि जबडा हवा. डोकं-खांदे दिसले तर उत्तम, मान कशी धरतो ते कळतं. आवाज जसाच्या तसा. प्रत्येकाची दहा-बारा मिनिटं पुरे. बाकी खोलीशी मला काय करायचंय?”

या फोनने सगळं उलटं फिरलं. तोवर आम्ही ‘साइज’ आणि ‘गोपनीयता’ ही दोन कामं धरून बसलो होतो. आता दिसलं की जे मॅडमना नको आहे, तेच साइज खातंय आणि तेच मुलांची ओळख उघडी पाडतंय.

केलेली कामं

मिनिटं आधी कमी केली. हे काम मी केलं नाही, ताईंनी केलं, वही घेऊन, तीन संध्याकाळी बसून. कुठे ‘स’ आहे, कुठे ‘ळ’ आणि ‘ल’ची गल्लत आहे, कुठे मूल स्वतःहून दुरुस्त करतं, त्या वेळा लिहिल्या. सात रेकॉर्डिंगमधून ४६ मिनिटं निघाली. एवढ्यानेच, बाकी काहीही न करता, ८६ जीबीचं काम साडेसोळा जीबीवर आलं असतं.

मग चित्राचा तुकडा कापला. इथे लहान करणं आणि कापणं यांतला फरक महत्त्वाचा. फोर-के चित्र ३८४० बाय २१६० पिक्सेलचं असतं. त्यातून मुलाभोवतीचा १९२० बाय १०८० चा चौकोन कापला तर क्षेत्रफळाने तीन चतुर्थांश चित्र गेलं, पण तोंडाचा एकही पिक्सेल गेला नाही. भाच्याचं फोर-के सेटिंग, ज्याला मी मनातल्या मनात चार शिव्या दिल्या होत्या, ते इथे कामाला आलं. आणि कापलेल्या भागाबरोबर पांढरा फळा गेला, भिंतीवरचं प्रमाणपत्र गेलं, कोपऱ्यात बसलेली आई गेली. गणवेशाच्या खिशावरचा शाळेचा बिल्ला मात्र चौकटीतच होता. त्यावर काळा ठोकळा बसवला. धूसर न करता पूर्ण काळा, कारण सौम्य धूसरपणातून अक्षरांचा अंदाज कधी कधी लागतो, काळ्या ठोकळ्यातून नाही.

फोनच्या गॅलरीत कापलं तर चालतं का, असं ताईंनी विचारलं होतं. काही फोन कापाकापी नुसती वरवर लक्षात ठेवतात, मूळ चित्र आत तसंच असतं आणि ‘पूर्ववत करा’ म्हटलं की परत येतं. तसाच धोका ‘न बिघडवता झटपट कापणाऱ्या’ साधनांचाही. ती पुन्हा एन्कोड न करता, म्हणजे व्हिडिओ नव्याने न दाबता, कापतात, म्हणून की-फ्रेम (मध्ये मध्ये साठवलेलं पूर्ण चित्र) असेल तिथूनच कापता येतं. हव्या जागेच्या आधीचे एखाद-दोन सेकंद फाइलमध्ये लपून राहतात आणि एखादा प्लेअर ते दाखवतोही. ‘नाव सांग’ नंतर कापलं म्हणून निश्चिंत व्हावं, आणि नाव आतच असावं. म्हणून सगळं पुन्हा एन्कोड केलं, हँडब्रेकवर. फुकट आहे, मुक्त सॉफ्टवेअर आहे, आणि मुख्य म्हणजे आपल्याच मशीनवर चालतं. नेटची वायर काढून ठेवली तरी काम होतं, हे ताईंना मी मुद्दाम वायर काढून दाखवलं.

आवाजाला हात लावला नाही म्हटलं तरी चालेल : एएसी (आवाज दाबण्याची एक पद्धत), १६० किलोबिट, ४८ किलोहर्ट्‌झ. मिनिटाला १.२ एमबी. चित्राच्या मानाने हा चिल्लर खर्च आहे, आणि बचत म्हणून लोक नेमका तोच कापतात.

चित्राचा दर्जा ठरवायला बिटरेट न ठरवता सीआरएफ वापरला. म्हणजे दर्जा एका पातळीवर धरायचा आणि बिटरेट लागेल तेवढा लागू द्यायचा. एक्स-२६४ मध्ये (एच-२६४ फाइल तयार करणारं, हँडब्रेकच्या आतलं सॉफ्टवेअर) हा आकडा ० ते ५१; लहान आकडा म्हणजे चांगलं चित्र, नेहमीचा २३, आणि सहाने वाढवला की फाइल ढोबळमानाने निम्मी होते. आकडा मी ठरवला नाही. अर्ध्या मिनिटाच्या एकाच तुकड्याच्या चार फाइल केल्या, १८, २१, २४ आणि २८ च्या, आणि त्यांना अ, आ, इ, ई अशी नावं दिली. ताईंना न सांगता दाखवल्या. ‘ई’ त्यांनी लगेच बाजूला सारली : “जिभेचं टोक चौकोनी झालंय.” तोंडाच्या आतली ती काळोखी जागा, दाबणारं सॉफ्टवेअर अंधाऱ्या भागावर कंजूषपणा करतं, आणि आमचं सगळं काम त्या अंधारातच. ‘इ’वर जरा रेंगाळल्या आणि नको म्हणाल्या. ‘अ’ आणि ‘आ’मध्ये त्यांना फरक सांगता आला नाही. ‘अ’ १७ एमबीची होती, ‘आ’ १२ ची. २१ पक्का झाला. माझ्या मॉनिटरवर मी एकटा बसलो असतो तर २४ वर खूश होऊन उठलो असतो.

यात एक फजितीही झाली. पहिली पूर्ण फाइल ताईंनी पाहिली आणि बाराव्या मिनिटाला म्हणाल्या, “हा ‘प’ म्हणतोय, पण ओठ आधीच उघडलेत.” मी ‘नाही हो’ म्हणत पुन्हा लावून पाहिलं. जवळपास अर्ध्या सेकंदाचा फरक होता. कारण असं की फोन कमी उजेडात फ्रेमचा वेग आपोआप बदलतो. घरच्या त्या सत्रात तो ३० च्या खाली-वर होत होता, आणि माझ्या एडिटिंगच्या जुन्या सॉफ्टवेअरने तो स्थिर धरला. लग्नात हे कधी कळलंच नाही, आमच्याकडे वर गाणंच असतं. तोड म्हणून आधी हँडब्रेकमध्ये ३० चा स्थिर वेग करून घेतला आणि मगच कापाकापी.

उजेडाचं आणखी एक. घरच्या सत्रात ट्यूबलाइटखाली चित्रात जे दाणे नाचत होते, ते सॉफ्टवेअरला हालचालच वाटते आणि त्यावर बिट खर्च होतात. केंद्रातल्या, खिडकीजवळच्या सत्राची फाइल त्याच सीआरएफला कितीतरी लहान आली. दाणे घालवणारा फिल्टर होता, पण तो गाल गुळगुळीत करता करता ओठांची कडही पुसतो, म्हणून सोडून दिला.

नाव हाच कठीण शब्द

आवाजातली नावं काढायची होती. अकरा ठिकाणी मुलाचं, भावंडाचं किंवा शाळेचं नाव येत होतं. दहा ठिकाणी तेवढा क्षण शांत केला. शिट्टी घातली नाही, कान लावून ऐकणाऱ्याला ती त्रासदायक होते.

अकराव्या ठिकाणी अडकलो. त्या मुलाच्या नावाची सुरुवातच ‘श’ने होते, आणि त्याला सगळ्यांत जास्त त्रास स्वतःच्या नावाचाच. शाळेत त्यावरून चिडवतात, म्हणूनच तो केंद्रात आलाय. ताई म्हणाल्या, “हा क्षण काढला तर पाठवण्यात अर्थ काय? अख्ख्या सत्रात हाच महत्त्वाचा.” ठेवला तर ओळख जाते. दुसरा एखादा ‘श’चा शब्द चालेल का? ‘शेंगदाणा’ तो बऱ्यापैकी म्हणतो. स्वतःच्या नावावर मात्र खांदे वर जातात, श्वास अडतो.

याला तांत्रिक उत्तर नव्हतं. ताईंनी त्याच्या आईला तो तुकडा दाखवला आणि विचारलं. आईने पाहिला, थोडा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, “पहिलं नाव राहू द्या. आडनाव काढा.” तसं केलं आणि संमतीच्या कागदावर त्यासाठी वेगळी ओळ लिहून वेगळी सही घेतली. मला हा या प्रकरणातला सर्वांत योग्य निर्णय वाटतो.

फाइलच्या पोटातलं आणि पाठवणी

मीडियाइन्फो नावाच्या साध्या साधनाने मूळ फाइल उघडल्या तर दिसलं की फोनने प्रत्येकीत रेकॉर्डिंगची जागा लिहून ठेवलीये : अक्षांश, रेखांश, चार दशांशांपर्यंत. चार दशांश म्हणजे साधारण अकरा मीटरचा नेम. घरच्या सत्रात तो थेट त्या मुलाच्या इमारतीवर लागत होता. नवीन फाइलमध्ये ही नोंद राहते की जाते हे साधनावर अवलंबून असतं. एफएफएमपेग हे व्हिडिओ बदलणारं साधन तर वेगळं सांगितलं नाही तर अशा नोंदी नव्या फाइलमध्ये उतरवून देतं. म्हणून भरवसा न ठेवता तयार झालेली प्रत्येक फाइल पुन्हा मीडियाइन्फोत उघडून पाहिली. फाइलची नावंही बदलली. ताईंनी मुलांच्या नावांनीच सेव्ह केलं होतं. ‘क-१’, ‘ख-२’ अशी नावं दिली, आणि कुणाचं काय ते ताईंच्या वहीत.

तयार झालेल्या फाइल मिळून १.१ जीबी झाल्या. पाठवताना सेव्हन-झिप वापरलं, साइजसाठी नाही, कुलपासाठी. त्यात एईएस-२५६ पद्धतीचा पासवर्ड लावता येतो, आणि फाइलची नावंही झाकायची असतील तर त्याची खूण वेगळी करावी लागते, ती केली. हे गाठोडं ताईंच्या नेटवरच्या ड्राइव्हवर चढवून फक्त मॅडमच्या ईमेलला दाखवलं आणि पासवर्ड फोनवर तोंडी सांगितला. व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून २ जीबीपर्यंत फाइल मूळ दर्जात जाते, म्हणजे तोही मार्ग होता. पण ती फाइल समोरच्याच्या फोनमध्ये आणि तिथून त्याच्या बॅकअपमध्ये कधी जाते ते कुणालाच कळत नाही. वडिलांना लिहून दिलेल्या यादीत आम्हाला आणखी ओळी वाढवायच्या नव्हत्या.

परिणाम

मॅडमनी आठवड्यात चारही मुलांवर लेखी मत दिलं. ‘स’ आणि ‘श’ वेगळे ऐकू आले. एका मुलाच्या बाबतीत अडचण उच्चाराची नसून ऐकण्याची असावी असं वाटून त्यांनी आधी श्रवण तपासणी करायला सांगितली. ‘चाक’ आणि ‘चार’ सारखं म्हणणारा तोच. दहा दिवसांनी ड्राइव्हवरचं गाठोडं पुसलं आणि मॅडमनी आपल्याकडची प्रत पुसल्याचं कळवलं.

एका तुकड्यावर मात्र त्यांनी प्रश्न काढला : मूल बाजूला वळतं तेव्हा तोंड चौकटीबाहेर जातंय, मूळ पाहू का? आणि मूळ फाइल नव्हती. मी माझ्या मशीनवरून ती पुसली, कारण ताईंच्या फोनवर आहे असं धरलं. ताईंनी फोनवरून पुसली, कारण फोन भरला होता आणि ‘दादांकडे आहे’ असं धरलं. बाहेरच्या हार्ड डिस्कवर व्हेराक्रिप्ट या सॉफ्टवेअरच्या कुलपात सातऐवजी सहाच फाइल होत्या. मोजल्या नव्हत्या आम्ही.

ती शेवटी सापडली तिथे, जिथे ती नसायला हवी होती. ताईंच्या फोनवर फोटोंचा आपोआप बॅकअप चालू होता, आणि जागा संपेपर्यंत त्याने काही सत्रं वर चढवली होती. फाइल ट्रॅशमध्ये अजून पडून होती, पण जागा वाचवण्याच्या सेटिंगमुळे १०८० वर आणलेली. कापल्यावर तोंड दिसलं, जीभ नीट नाही. मॅडमचं काम भागलं. बापाला दिलेल्या यादीत मात्र एक ओळ वाढली, आणि ताईंनी ती नव्याने लिहून नेऊन दिली.

पुन्हा करायचं तर

पहिला फोन पुण्याला. पाहणाऱ्याला काय पाहायचंय ते कळल्याशिवाय हँडब्रेक उघडायचंच नाही.

कापण्याचा चौकोन एवढा घट्ट धरायचा नाही. मी १९२० च्या आकड्याच्या प्रेमात पडलो. मूल खुर्चीत स्थिर बसत नाही हे मला ताईंनी सांगायला नको होतं. २४०० पिक्सेल रुंदी घेतली असती तर फाइल थोडी वाढली असती आणि मूळ मागायची वेळच आली नसती.

मूळ फाइल पुसण्याचा अधिकार एकाच माणसाकडे ठेवायचा, आणि त्याने पुसण्याआधी दुसऱ्या जागेवरच्या फाइल मोजायच्या व चालवून पाहायच्या. हे लिहिताना मला शरम वाटते, कारण लग्नाच्या शूटिंगच्या मेमरी कार्डांबाबत मी हा नियम वीस वर्षं पाळतोय.

रेकॉर्डिंगच्या वेळीच अर्धं काम होतं. ताई आता फोन जवळ ठेवतात, १०८० वर, आणि मुलाला खिडकीकडे तोंड करून बसवतात. मागे कोरी चादर, फळा भिंतीकडे फिरवलेला. कॅमेऱ्याची जागा नोंदवण्याची परवानगी बंद, बॅकअप बंद. ‘नाव सांग’ हा प्रश्न रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी विचारतात, ज्याचं नावच कठीण आहे तो मुलगा सोडून. अर्ध्या तासाच्या सत्राची फाइल आता फोनमधूनच साडेतीन-चार जीबीची निघते.

त्या फुकटच्या संकेतस्थळाला ताईंनी फाइल पुसल्याची खात्री द्या म्हणून तीनदा ईमेल केले. उत्तर आलेलं नाही. यादीत त्या ओळीसमोरची जागा कोरी आहे.